बाखची १०६ क्रमांकाची कॅन्टाटा आणि मधली ती शांतता

कातरवेळ | २३ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न एकच आहे, पण त्याआधी थोडं सांगावं लागेल.

मी जर्मनीत थुरिंगियात राहते. गावच्या चर्चच्या हौशी गायकवृंदात सहा वर्षं सोप्रानोत, म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच आवाजात, गाते आहे. मी ख्रिश्चन नाही, पण इथे ते कुणी विचारत नाही. सूर लागला आणि मंगळवारी तालमीला वेळेवर आलात की पुरे. नाताळच्या आगमनकाळाआधीच्या रविवारी इथे दिवंगतांचा स्मरणदिन असतो. वर्षभरात गावातून गेलेल्या माणसांची नावं एकेक करून वाचतात, प्रत्येक नावाला एक मेणबत्ती. यंदा त्या दिवशी आम्ही जर्मन संगीतकार बाख याची १०६ क्रमांकाची कॅन्टाटा (आवाज आणि वाद्यांसाठीची रचना) गाणार आहोत. पहिल्या ओळीवरून तिला 'गॉटेस त्साइट इस्ट दी आलरबेस्टे त्साइट' म्हणतात, म्हणजे देवाची वेळ हीच सर्वांत चांगली वेळ. दुसरं नाव 'आक्टुस ट्रागिकुस'.

अवघी वीस मिनिटांची रचना. साधारण १७०७-०८ मधली, म्हणजे बाख तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. व्हायोलिन नाही, तुतारी नाही, नगारे नाहीत. दोन रेकॉर्डर (उभ्या बासऱ्या), दोन व्हिओला द गांबा (जुनी तारवाद्यं), ऑर्गन आणि माणसांचे आवाज. बस.

मध्यभागी एक जागा आहे. आल्टो, टेनर आणि बास हे खालचे तीन आवाज एकामागून एक येत राहतात : 'हा जुनाच करार आहे, माणसा, तुला मरायचं आहे.' एकाने संपवावं तर दुसऱ्याने धरावं, सुटका नाही. त्यांच्या वर सोप्रानो म्हणते, 'हो, ये, प्रभू येशू, ये.' हळूहळू खालचे आवाज थांबतात. वाद्यं थांबतात. खर्जातल्या साथीची धडधड थांबते. सोप्रानो एकटी उरते, येशूचं नाव घेत एक लहानशी वळणदार तान घेते आणि तीही थांबते. पुढे स्वरलिपीत एक अख्खी मात्रापट्टी रिकामी आहे, वर थांबण्याची खूण. किती थांबायचं, ते लिहिलेलं नाही.

काल आमच्या संचालिका म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी प्रत्येकाने सांगायचं की ही शांतता कुणाची आहे. मरणाऱ्याची, मागे राहिलेल्यांची, की देवाची? माझ्याकडे उत्तर नाही. मार्चमध्ये बाबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तेव्हापासून त्या रिकाम्या पट्टीपाशी आले की माझा श्वास अडकतो.

तुम्ही ही रचना ऐकली असेल तर सांगा, तुम्हाला तिथे काय ऐकू येतं? ऐकली नसेल तर वीस मिनिटं काढा आणि मग सांगा.

खर्जातला | २३ ऑक्टोबर, रात्री ११:२५

या रचनेवर मराठीत धागा! मनापासून आभार.

ऐकणाऱ्यांच्या सोयीसाठी थोडी चौकट देतो. सुरुवातीला 'सोनातीना', नुसत्या वाद्यांची दोन-अडीच मिनिटं. मग समूह. मग एकेकटे आवाज : टेनर बायबलमधल्या नव्वदाव्या स्तोत्रातली ओळ म्हणतो, आम्हाला आमच्या मरणाचा विचार करायला शिकव, म्हणजे आम्ही शहाणे होऊ. बास यशयाच्या पुस्तकातली ओळ म्हणतो, आपल्या घराची निरवानिरव कर, कारण तू मरणार आहेस. मग तो मधला फ्यूग, म्हणजे एकच सुरावट आवाज एकामागून एक उचलतात तो भाग. तिथून रचना उलट वळते. पुन्हा एकेकटे आवाज : आल्टो म्हणते, तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवते, बास क्रुसावरच्या येशूचे शब्द म्हणतो, आज तू माझ्याबरोबर नंदनवनात असशील. आणि शेवटी पुन्हा समूह. म्हणजे समूह, एकटे, मधला प्रसंग, एकटे, समूह. आरशात पाहिल्यासारखी रचना आहे आणि आरसा नेमका त्या शांततेपाशी उभा आहे.

पहिल्या अर्ध्यात जुन्या कराराचा कायदा बोलतो, दुसऱ्या अर्ध्यात नव्या कराराचं आश्वासन. त्यामुळे माझं उत्तर असं, की ती शांतता कुणाचीच नाही. तो उंबरठा आहे.

रानजाई | २४ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

पाश्चात्त्य समूहगान आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, तेही ऑफिसच्या बसमध्ये. शब्द एकही कळला नाही, तरी सुरुवातीलाच डोळे भरून आले. शेजारच्या बाई विचारायला लागल्या, काय झालं?

ती सुरुवातीची बासरी आहे ना? दोन आहेत की एकच? मला सारखं वाटत होतं, एकच आहे आणि तिला पडसाद आहे.

कातरवेळ | २४ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

@रानजाई, तुमच्या कानाला दाद! दोन रेकॉर्डर आहेत, अलगुजासारखे उभे धरून वाजवायचे. दोघांना जवळजवळ एकच ओळ दिली आहे, पण एकजण सूर धरून थांबतो तेव्हा दुसरा तोच सूर हलवतो, नटवतो. मग अदलाबदल. कधी दोघं एकाच सुरावर येतात, कधी अगदी लगतच्या सुरांवर घासतात आणि काळजात कळ उठते. त्यांच्याखाली गांबा. ही सेलोची जुनी चुलतबहीण समजा : पायांत धरून वाजवायची, सहा तारा, गळ्यावर पडदे, आवाज घोगरा आणि मऊ.

बार्देशकार | २४ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मी गोव्याचा, बार्देसचा. वडील चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे, ते स्वतः चर्चच्या परोकियल शाळेत सोल्फेजो, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, शिकलेले. आमच्याकडे चाळीस दिवसांच्या उपवासाच्या काळात 'मोतेत' गातात. क्रूस खांद्यावर घेतलेल्या येशूची मूर्ती मिरवणुकीने नेतात, वाटेत थांबून दोन-तीन आवाज, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि खाली रबेकांव, म्हणजे मोठा डबल बास. शब्द लॅटिन, रचना गोव्याच्याच मेस्त्रींच्या, म्हणजे चर्चच्या संगीतगुरूंच्या. कुठल्या मेस्त्रीने कुठलं मोतेत बांधलं, हे घराघरांत सांगितलं जायचं.

बाख ल्युथरपंथी आणि आम्ही कॅथलिक, त्यामुळे लहानपणी हे संगीत आमच्या चर्चमध्ये ऐकलेलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते मुंबईत, नोकरीला लागल्यावर. पण मधल्या भागात सोप्रानो येशूचं नाव घेते ना, तिथे मला आमची मोतेतं आठवली. तीसुद्धा गर्दीच्या मधोमध अचानक थांबतात आणि मग फक्त पावलांचा आवाज येतो. कातरवेळ, माझ्यासाठी ती शांतता मागे उभ्या असलेल्यांची आहे.

आडवाट | २५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

माझा विरोध नोंदवतो. कुणाचं मन दुखवायचा हेतू नाही, पण मनापासून लिहितो आहे.

'देवाची वेळ हीच सर्वांत चांगली वेळ.' माझा धाकटा भाऊ एकोणतिसाव्या वर्षी गेला. तेराव्यापर्यंत भेटायला येणारा प्रत्येकजण हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सांगून गेला. त्याची वेळ आली होती. देवाला चांगली माणसं लवकर लागतात. ती वाक्यं मी आजही विसरलेलो नाही. संगीत सुंदर आहे, ऐकलं. पण शब्दांचा अर्थ वाचला आणि पुढे ऐकवेना.

खर्जातला यांनी यशयाची ओळ दिली आहे, म्हणून तीही शोधून वाचली. 'घराची निरवानिरव कर' हे हिज्कीया नावाच्या राजाला सांगितलं आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि देवाने त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. आम्हीही रडलो होतो.

रानजाई | २५ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

आडवाट, तुमच्या या प्रतिसादाला काय लिहावं कळत नाही. फक्त वाचलं आहे, एवढं सांगते.

कातरवेळ | २५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

आडवाट, लिहिलंत ते बरं झालं. मी ही ओळ दर मंगळवारी गाते आणि मला ती दर वेळी पटतेच असं नाही. बाबांच्या वेळी मलाही हेच सांगितलं गेलं.

एक गोष्ट मात्र गाताना लक्षात आली. ही ओळ पहिल्या समूहाच्या अगदी सुरुवातीला येते आणि पुन्हा कधीही येत नाही. बाख तिथे थांबत नाही, लगेच पुढे जातो : 'त्याच्यातच आपण जगतो, हालतो, आहोत.' तिथे संगीत पळायला लागतं. 'जोवर त्याची इच्छा' म्हणताना लांब सूर धरतो. मग 'त्याच्यातच आपण मरतो' आणि सगळं एकदम जड, संथ. रचनेने त्या वाक्याशी वाद घातला आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यावर ती आरामात बसलेलीही नाही.

खर्जातला | २६ ऑक्टोबर, सकाळी ११:००

यात एक भर. ज्याने हे लिहिलं, त्याला मरण पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १६९४ मध्ये बाखची आई गेली, पुढच्याच वर्षी वडील. तो दहा वर्षांचाही झाला नव्हता. थोरल्या भावाने ओर्डरुफला नेऊन वाढवलं. ही कॅन्टाटा कुणाच्या अंत्यविधीसाठी लिहिली, याचे अभ्यासकांचे तर्कच आहेत. एक तर्क असा, की ऑगस्ट १७०७ मध्ये एरफुर्टला वारलेले त्याचे मामा टोबियास लेमरहिर्ट यांच्यासाठी. त्यांनी बाखसाठी पन्नास गुल्डन ठेवले होते आणि त्याच ऑक्टोबरात त्याने मारिया बार्बाराशी लग्न केलं. तीही १७२० मध्ये गेली. ज्याच्या चाकरीत होता त्या केथेनच्या राजपुत्राबरोबर तो कार्ल्सबादला होता, परत आला तेव्हा तिला पुरून झालं होतं. वीस मुलांपैकी दहाच मोठी झाली.

कातरवेळ, 'पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं' हे तुमचं वाक्य वाचताना मला हेच आठवलं होतं. लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं.

कातरवेळ | २६ ऑक्टोबर, दुपारी १:४५

बरं केलंत लिहिलंत. मला हे माहीत नव्हतं.

टिपरी | २६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

'माणसा, तुला मरायचं आहे' आणि त्यावर 'ये, प्रभू, ये' हे वाचताना मला थेट तुकोबा दिसले. 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां' यात हीच तर गोष्ट आहे. भाषा वेगळी, देव वेगळा, अनुभव एकच.

ओसरी | २६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

टिपरी, भावना पोचली, पण 'अनुभव एकच' हे मला पटत नाही. तुकोबा तिथे जिवंतपणी 'मी' मेल्याचं सांगतात. त्यात वाट पाहणं नाही, घडून गेलं आहे, सोहळा झाला आहे. इथली सोप्रानो अजून वाट पाहते आहे. ती 'ये' म्हणते आणि कुणी आलं की नाही, हे कळायच्या आत संगीत थांबतं. हा फार मोठा फरक आहे. एकच म्हटलं की दोन्हींची धार जाते.

टिपरी | २६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मान्य. 'वाट पाहणं' हा शब्द बरोबर आहे. मग विठ्ठलाची वाट पाहणारे, काकुळतीला आलेले अभंग जवळचे म्हणायचे.

ओसरी | २६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

हो, ते चालेल. :)

नदीकाठ | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

तुकोबांचा विषय निघाला म्हणून त्यांच्याच काळातली एक जर्मन रचना सांगते. संगीतकार हाइनरिश श्युट्झ, 'मुझिकालिशे एक्सेक्वीएन' (अंत्यविधीचं संगीत), १६३६. बाखच्या जन्माआधी जवळजवळ पन्नास वर्षं.

गेरा नावाच्या छोट्या संस्थानाचा अधिपती हाइनरिश पोस्टुमुस रॉइस. वडील गेल्यावर जन्माला आला म्हणून 'पोस्टुमुस'. त्याने जिवंतपणीच आपली धातूची शवपेटी करवून घेतली, बायबलमधली आणि स्तोत्रांतली आपल्या आवडीची वचनं निवडून तिच्यावर कोरून घेतली. तो डिसेंबर १६३५ मध्ये गेला, दफन फेब्रुवारीत झालं. श्युट्झने पेटीवरची ती वचनंच घेऊन पहिला मोठा भाग बांधला. बाहेर तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, वाजवणारे-गाणारे मिळणं कठीण झालं होतं, म्हणून मोजक्या माणसांत आणि ऑर्गनवर भागेल असं लिहिलं. इकडे आपल्याकडे १६३० चा तो भयंकर दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, ज्याने तुकोबांचं घर उद्ध्वस्त केलं. ओसरी, अनुभव एकच असं म्हणत नाही, पण काळ एक होता.

शेवटच्या भागात श्युट्झने दोन समूह केले आहेत. जवळचा समूह बायबलमधल्या शिमोन नावाच्या म्हाताऱ्याचं गीत गातो : प्रभू, आता तुझ्या सेवकाला शांतीने जाऊ दे. दुसरा समूह फक्त तिघांचा, दोन देवदूत आणि एक मुक्त झालेला आत्मा. त्यांना लांब उभं करावं, अशी सूचना श्युट्झने स्वतः लिहून ठेवली आहे. लांबून आवाज येतो : प्रभूमध्ये जे मरतात ते धन्य.

आता गंमत बघा. बाखच्या रचनेत त्या शांततेनंतर आल्टो जे जुनं स्तोत्र गातात, 'मिट फ्रीड उंड फ्रॉइड', तेही शिमोनचंच गीत, मार्टिन ल्युथरने १५२४ मध्ये पद्यात बांधलेलं. म्हणजे पिढ्यान् पिढ्या ही माणसं मरणाच्या दारात त्या एकाच म्हाताऱ्याचे शब्द पुटपुटत होती.

जुनी तबकडी | २७ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

नदीकाठ, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

माझ्या घरी जर्मन संचालक कार्ल रिश्टरची साठच्या दशकातली ध्वनिमुद्रिका होती, काकांनी आणलेली. मोठा समूह, भरघोस आवाज. आज सगळे एका ओळीला एकच गायक ठेवतात. ऐकायला स्वच्छ असतं, पण 'तुला मरायचं आहे' हे तीन माणसांनी सांगणं आणि तीस माणसांनी सांगणं यात फरक पडतो. भिंत अंगावर आल्यासारखं वाटलं पाहिजे.

खर्जातला | २७ ऑक्टोबर, दुपारी १:००

जुनी तबकडी, इथे मी उलट बाजूला. १९८१ मध्ये अमेरिकी संगीत-अभ्यासक जोशुआ रिफकिनने मांडलं की बाखच्या पुष्कळ रचना एका ओळीला एक गायक अशाच गायल्या जात असाव्यात. वाद अजून मिटलेला नाही, पण या रचनेपुरतं मला ते शंभर टक्के पटतं. दोन रेकॉर्डर आणि दोन गांबा तीस गायकांपुढे टिकतीलच कसे? मधल्या फ्यूगमध्ये वाद्यं एका जुन्या स्तोत्राची चाल वाजवतात, 'मी माझं सगळं देवावर सोपवलं आहे' हे ते स्तोत्र. त्याचे शब्द कुणी गात नाही, नुसती चाल. तेव्हाच्या मंडळींना ती ऐकताच शब्द आठवत असणार. मोठ्या समूहात ती चाल बुडते आणि अर्धा अर्थ जातो. व्होक्स लुमिनिस किंवा नेदरलँड्स बाख सोसायटी या गटांची ध्वनिमुद्रणं ऐका.

जुनी तबकडी | २७ ऑक्टोबर, दुपारी १:२०

चाल बुडते हे खरं आहे. पण रिश्टर मी सोडणार नाही.

पेटीवाला | २८ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मी भजनाला पेटीची साथ करतो. पाश्चात्त्य स्वरलिपी येत नाही, पण कान देऊन तीनदा ऐकलं. मला जे जाणवलं ते आपल्या भाषेत सांगतो.

आपल्याकडे तानपुरा कधी थांबत नाही. गायक थांबतो, तबला थांबतो, मागे सा चालूच असतो. त्यामुळे आपल्या गाण्यातली शांतता भरलेली असते, गायक कुठेही गेला तरी घर मागे आहे. इथे नेमकं उलटं होतं. खर्जातल्या साथीची ती ठकठक म्हणजे जमीन. ती आधी काढून घेतली आणि बाई अजून गात आहेत! शेवटच्या तानेत त्यांचा सा कुठला, तेच मला पेटीवर धरता येईना. एकदा वाटतं घरी आल्या, एकदा वाटतं कुठल्या तरी दुसऱ्याच घराच्या पायरीवर उभ्या आहेत.

म्हणून माझं उत्तर : ती शांतता सा सुटल्याची आहे.

खर्जातला | २९ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

पेटीवाला, साष्टांग नमस्कार! हे पुस्तकात असंच लिहिलेलं आहे, फक्त कोरड्या भाषेत. फ्यूग एफ मायनरमध्ये आहे. शांततेनंतरचा भाग बी फ्लॅट मायनरमध्ये सुरू होतो, त्या काळी क्वचितच वापरली जाणारी, फार काळोखी पट्टी. शेवटची तान दोन्हींकडे झुकते, म्हणून कान अधांतरी राहतो. मागचं घर सुटलेलं आहे, पुढचं अजून उघडलेलं नाही.

कोकणकडा | २९ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

बाख ऐकला आणि आजची सगळी कामं बाकी राहिली.

रानजाई | २९ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

कोकणकडा :) :)

सांजदिवा | ३० ऑक्टोबर, पहाटे २:२०

रात्रपाळीवर आहे, म्हणून या वेळी. मी परिचारिका आहे. गेली अकरा वर्षं अशा रुग्णांसोबत काम करते, ज्यांच्यावरचे उपचार थांबलेले असतात आणि वेदना कमी ठेवणं एवढंच उरलेलं असतं.

शेवटच्या तासांत श्वासाची लय बदलते. श्वास खोल होत जातो, मग उथळ, मग थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. नातेवाईक माझ्याकडे बघतात. मग पुन्हा श्वास येतो आणि सगळे आपापला श्वास सोडतात. हे कितीदा तरी होतं. आणि मग एकदा थांबतो तो येत नाही. पण तो शेवटचा होता, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं. मलाही नसतं. खोलीतले सगळे वाट पाहत असतात. पुढचा श्वास येणार नाही हे कळायला वेळ लागतो आणि तो वेळ कुठल्याच कागदावर लिहिला जात नाही. आम्ही त्यानंतरची वेळ लिहितो.

धागा वाचून इथे मंद आवाजात ऐकलं. ती मधली रिकामी पट्टी म्हणजे तो वेळ आहे. बावीस वर्षांच्या मुलाने तो पाहिला असणार, ऐकून सुचण्यातलं ते नाही.

कातरवेळ, तुम्ही पोचला नाहीत म्हणून एक सांगते. त्या वेळात खोलीत असलेल्यांनाही तो क्षण सापडत नाही.

कातरवेळ | ३० ऑक्टोबर, सकाळी ७:१०

सांजदिवा...
तालीम काल झाली. तुमचा प्रतिसाद आज वाचते आहे. नंतर लिहिते.

बार्देशकार | ३० ऑक्टोबर, सकाळी ८:००

सांजदिवा, देव बरें करूं.

आडवाट | २ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

पुन्हा ऐकली. खर्जातला यांनी लिहिलं होतं की मधल्या भागात एक स्तोत्र नुसत्या वाद्यांवर आहे. ते शोधत ऐकलं. तिसऱ्यांदा सापडलं. खाली ते तिघं 'मरायचं आहे, मरायचं आहे' म्हणत असतात आणि वर रेकॉर्डर काहीच न बोलता ती चाल वाजवत जातात.

पहिल्या ओळीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण भाऊ गेला तेव्हा आमच्या चाळीतले एक आजोबा रोज संध्याकाळी यायचे, तासभर बसायचे आणि उठून जायचे. महिनाभर आले. एक शब्द बोलले नाहीत. मला आज इतक्या वर्षांनी ते आठवले.

पेटीवाला | २ नोव्हेंबर, दुपारी ४:००

आडवाट, हे वाचून मी पेटीवर ती चाल बसवली. भजनानंतर एकदा वाजवेन म्हणतो. मंडळींना सांगणार नाही कुठली ते.

नदीकाठ | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

थोडं अवांतर. हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी कुर्ताग यांनी सुरुवातीच्या सोनातीनाचं एका पियानोवर चार हातांसाठी रूपांतर केलं आहे. ते आणि त्यांच्या पत्नी मार्ता शेजारी बसून वाजवायचे. अगदी म्हातारे झाल्यावरचं चित्रीकरण आहे. एकमेकांच्या हातांवरून हात जातात. मार्ता २०१९ मध्ये गेल्या, बहात्तर वर्षांच्या संसारानंतर. रानजाई, तुम्ही सोनातीनापाशीच थांबला होतात ना, हे नक्की बघा.

आणखी एक. या रचनेची बाखच्या हातची प्रत उरलेलीच नाही. सर्वांत जुनी प्रत १७६८ ची, तो गेल्यावर अठरा वर्षांनी कुणी तरी उतरवून घेतलेली. छापली गेली १८३० मध्ये. मधल्या काळात त्या एका प्रतीला आग लागली असती, तर आज आपण इथे काय बोलत बसलो असतो?

रानजाई | ३ नोव्हेंबर, रात्री १०:००

पाहिलं. आईलाही दाखवलं. आई म्हणाली, 'पुन्हा लाव.'

ओसरी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:००

धागा वर काढते. कातरवेळ, तालमीत काय सांगितलंत ते राहूनच गेलं. आणि कार्यक्रम येत्या रविवारी ना?

कातरवेळ | २५ नोव्हेंबर, रात्री ११:३०

काल झाला. आज दिवसभर लिहायचं म्हणत होते.

आधी तालमीचं. प्रत्येकाने काही ना काही सांगितलं. कुणी देवाची म्हणालं, कुणी मरणाऱ्याची. आमच्यातल्या एक बासवाल्या आजोबांनी सांगितलं, मला ती शांतता घड्याळाची वाटते, घरातलं माणूस गेल्यावर पहिल्यांदा ऐकू येणाऱ्या. मी पेटीवाल्यांचा तानपुरा सांगितला. आदल्याच रात्री तुमचा प्रतिसाद आला होता, काका. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, फोनवर तानपुरा लावून. तो बंद केल्यावर खोलीत कुणी हललं नाही.

सोप्रानोची ती ओळ एकटीने गायची की आम्ही आठजणींनी, यावर तीन आठवडे चर्चा चालली होती. शेवटी संचालिका म्हणाल्या, सगळ्या सुरू करा. ज्या क्षणी गाता येणार नाही असं वाटेल, तिथे थांबा. शेवटी जी उरेल तिने संपवायचं. आधी ठरवायचं नाही.

काल नावं वाचली, एकोणतीस होती. नियमाने गावातलीच नावं वाचतात, पण एक मेणबत्ती न वाचलेल्या नावांसाठी असते. ती मी लावली. बाबांसाठी, आणि आडवाट, तुम्हाला न विचारता तुमच्या भावासाठीही. चालेल ना?

फ्यूग सुरू झाल्यावर एकेकजण गळत गेली. मी शेवटून तिसरी. मला वाटलं होतं मी रडून थांबेन, पण नाही, श्वासच संपला. शेवटी उरली ती आमच्यातली सर्वांत धाकटी, सतरा वर्षांची. तिने ती तान घेतली, थोडी कापरी. आणि मग काही नाही.

किती वेळ, ते सांगता येत नाही. बाहेरून एक गाडी गेली. मागे कुठे तरी एक बाळ काही तरी बोललं. सांजदिवा, मी त्या वेळात तुमच्या खोलीत होते. मग ऑर्गनवर ती खालून पायरी पायरी वर चढणारी ओळ सुरू झाली आणि आल्टोंनी उचललं, 'तुझ्या हाती'. पुढे स्तोत्रात 'मऊ आणि शांत' हे शब्द येतात, तिथे बाखने सगळ्यांना एकदम हळू व्हायला सांगितलं आहे. तिथे मात्र मी रडले. गातच होते.

शेवटचं आमेन जोरात संपतं असं वाटतं आणि मग रेकॉर्डर तेच दोन सूर पुन्हा, हळूच, वाजवून ठेवतात.

आडवाट | २६ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

चालेल. त्याचं नाव मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवतो.

बार्देशकार | २६ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी गोव्यात असेल तर कळवा. मोतेतं ऐकायला घेऊन जाईन. रात्री उभं राहावं लागतं, पायात साधी चप्पल घाला.

रानजाई | २६ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

मी येणार. आईलाही आणू का?